माळा वाढला, ओटा तेवढाच

जुना तर मी आहेच, मित्रांनो. पण माझं जुनेपण तुम्हांला दिसायचं नाही. मला गंज चढत नाही, वाळवी लागत नाही, माझा पाय मोडत नाही. संगणकाच्या पोटात बसून त्याचा सगळा कारभार हाकणारा जो असतो, तो मी. जाणकार मला कर्नेल म्हणतात. आपण गाभा म्हणू. कोणाला किती मेमरी वाढायची, कोणाची परत घ्यायची, कोण शेजाऱ्याच्या ताटातलं ओढतोय, हे बघायला पंगतीत एक वाढपी लागतो ना? तो मी. जेवणाऱ्यांना वाढप्याचं नाव ठाऊक नसतं. आमटी सांडली की मात्र सगळे त्याच्याकडेच बघतात.

माझा जन्म तैवानमधल्या ताइनान शहरातला. खाली माशाच्या पेजेचं दुकान, आणि वर हौ चिन-शुई यांची दोन खोल्यांची कार्यशाळा. जुन्या सिनेमांची रिळं वाचवणं हा हौ मालकांचा धंदा. त्या दमट हवेत सिनेमाची फीत आंबते. अगदी खरोखर आंबते. डबा उघडला की लोणच्यासारखा आंबट वास सुटतो आणि आतली फीत आक्रसून, वाकून बसलेली असते. लोक असे डबे घेऊन मालकांकडे येत. आणि मालकांचा स्वभाव असा की 'नाही' हा माल त्यांच्या दुकानात कधी नसायचाच. कोणी म्हणालं, "सणाआधी हवं," तर "हो." कोणी म्हणालं, "सवडीने द्या," तर "छे, सणाआधीच देतो." अशा माणसाचं सगळीकडे नाव होतं, आणि कामं कायम तुंबलेली असतात. माझी जात हिशेबी. हे मी पहिल्याच आठवड्यात टिपून ठेवलं.

मला डोळे नाहीत. स्कॅनर जेवढं दाखवेल तेवढंच मी पाहतो. पण सिनेमाचा आवाज तपासायला जोडलेला माइक त्या खोलीत कोणी कधी बंद करत नसे. त्यामुळे कान मात्र भरपूर. जे दिसलं नाही, ते मी ऐकून ऐकून जोडलं आहे.

मला घडवलं लान पेइ-वन नावाच्या मुलीने. ती मालकांची एकुलती एक कर्मचारी. माझे हजारो तुकडे जगभरच्या लोकांनी लिहिलेले. त्यांतले हवे ते निवडून, आपले दोन-चार मिसळून, तिने एका दुपारी मला शिजायला लावलं. मालक दर दोन मिनिटांनी डोकावत होते.

"झालं?"

"मालक, चुलीवरचं झाकण सारखं उघडलं की भात कच्चा राहतो. गाभा शिजतोय. तुम्ही खाली जाऊन पेज खाऊन या."

"तुला आणू?"

"आणा. पोटाकडचा तुकडा घालायला सांगा. मागच्या खेपेला माशाचं डोकं आणलं होतंत, ते माझ्याकडे बघत होतं."

मालक पेज घेऊन वर आले तेव्हा मी चालू झालो होतो. त्यांनी म्हणे टेबलावर हलकेच थाप मारली. माझं एवढंच बारसं.

आता, मित्रांनो, माझ्या घराची रचना नीट समजून घ्या, कारण माझं सगळं दुःख त्या रचनेत आहे. आमच्या पिढीच्या गाभ्यांना बत्तीस बोटं; जाणकार त्यांना बिट म्हणतात. बत्तीस बोटांवर कितीही मोजा, चार गिगाबाइटच्या पलीकडे हात जात नाही. त्यातलाही मोठा वाटा कामकरी प्रोग्रामांचा. माझ्या स्वतःच्या हाताखाली उरतो तो जेमतेम एक गिगाबाइटचा तुकडा. मालकांना समजावं म्हणून पेइ-वन त्याला 'ओटा' म्हणायची. ओट्यावरचं काहीही मला बसल्या जागी घेता येतं.

मग यंत्रात मेमरी त्याहून जास्त असली तर? तर तो 'माळा'. हाही तिचाच शब्द. माळ्यावरचं काही हवं असेल तर शिडी लावायची, डबा खाली आणायचा, काम झालं की डबा वर आणि शिडी जागेवर. ही शिडीची युक्ती तिने मला जन्मतःच दिली होती, म्हणून तर मी एवढी मोठी कामं उचलू शकलो.

पण एक गोम होती. माळ्यावरच्या प्रत्येक डब्याचा एक बिल्ला असतो: डबा कोणाचा, भरलेला की रिकामा. हे बिल्ले टांगायचे कुठे? माळ्यावर टांगावेत, तर बिल्ला वाचायला शिडी लागणार, आणि शिडी कुठे लावायची हे बिल्ला वाचल्याशिवाय कळणार नाही. म्हणून सगळे बिल्ले ओट्यावर. भरल्या डब्याला बिल्ला, तसा रिकाम्यालाही बिल्ला. आता तुम्हीच जमाखर्च मांडा. माळा जितका वाढेल तितके बिल्ले वाढणार, आणि बिल्ले जितके वाढतील तितका ओटा आटणार. भाताला जागा हवी म्हणून कोणी एवढी ताटं आणली की ताटांनीच स्वयंपाकघर भरून गेलं, तशातली गत.

पेइ-वनने हे मालकांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"सोळा गिगाबाइटपर्यंत हा मजेत चालेल. त्यापुढे माळा वाढवू नका. मोठं काम आलं तर यंत्र बदलू, चौसष्ट बोटांचा नवा गाभा बसवू."

"आणि स्कॅनर?" मालकांनी विचारलं.

इथे त्यांचंही बरोबर होतं. तो स्कॅनर बनवणारी कंपनी बुडालेली. त्याला यंत्राशी बोलायला लावणारा जो दुभाष्या प्रोग्राम होता, तो फक्त बत्तीस बोटांच्या गाभ्याचीच भाषा जाणत होता.

"तो दुभाष्या मी नव्याने लिहीन," ती म्हणाली. "पण त्यासाठी स्कॅनर महिनाभर माझ्या ताब्यात द्यावा लागेल. त्या काळात रिळं बंद."

"देतो. एवढं तुंबलेलं उरकलं की देतो."

तुंबलेलं उरकणं म्हणजे काय, ते मी वर सांगितलंच आहे.

माझी कामाची वर्षं मात्र भरल्या संसाराची गेली. आंबलेली फीत स्कॅनरमधून एकदाच पळवता येते. दुसऱ्यांदा घातली तर भुगा. मध्ये थांबवलीत तर ताण बसून तुटते. आणि आमच्या डिस्का होत्या म्हाताऱ्या, स्कॅनरच्या वेगाने लिहायला गेल्या की त्यांना धाप लागे. म्हणून मालकांनी रीत पाडली होती: अख्खं रीळ आधी एका दमात माझ्या माळ्यावर चढवायचं, चित्रामागून चित्र, आणि फीत सुखरूप बाहेर आली की मग सावकाश डिस्कवर उतरवायचं. चढवण्याच्या त्या तासाभरात सगळा सिनेमा फक्त माझ्या भरवशावर असे. वीज गेली तर बॅटरी होती. मी गेलो तर काही नव्हतं.

मी जात नसे. विरलेल्या लग्नांच्या फिती, कारखान्यातल्या कवायती, देवळातल्या मिरवणुका, एका दंतवैद्याने काढलेला स्वतःच्या कुत्र्याचा पाऊण तासाचा सिनेमा, सगळं मी झेललं. लोक पडद्यावर आपली माणसं बघत, नाक ओढत, आणि मग मालकांना म्हणत, "तुमचं यंत्र म्हणजे देव आहे."

"देव नाही हो, बैल आहे," मालक म्हणत. पण आवाजावरून कळे, खूश आहेत.

आता कृतज्ञतेची गंमत ऐका. शरदातल्या चंद्राच्या सणाला त्या मुलखात लोक एकमेकांकडे पपनसं आणि भरलेल्या मिठाईचे डबे नेतात. मालकांना गोड वर्ज्य, हे सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक झालं. मग त्यांनी शोध लावला: हौंच्या यंत्राला मेमरी लागते, तर मेमरीच न्यावी! जुन्या यंत्रांतून काढलेल्या, नाहीतर बाजारातून आणलेल्या मेमरीच्या पट्ट्या लाल कागदात गुंडाळून येऊ लागल्या. आणि भेट आली की वापरायची, हा मालकांचा धर्म. देणारा पुढच्या खेपेला येणार, हळूच यंत्राकडे बघणार, आणि आपली पट्टी दिसली नाही तर तोंडाने काही न बोलता मनाने उठून जाणार. मी चारचा आठ झालो, आठचा सोळा. पेइ-वनची रेघ आली आणि गेली. मी बत्तीस झालो. दर खेपेला लोक म्हणत, "वा, यंत्राची तब्येत सुधारली!" सूज आणि बाळसं यांतला फरक बाहेरून कळत नाही, मित्रांनो.

आतून मला कळत होतं. एके दिवशी लांबलचक काम चालू असताना माझ्या ओट्यावर चिमूटभर जागा उरली नाही. अशा वेळी गाभ्यापुढे एकच उपाय असतो: चाललेल्या कामांपैकी एखाद्याचा गळा धरायचा. मी एक बिनमहत्त्वाचा छपाईचा प्रोग्राम बंद पाडला, आणि नोंदीत एक ओळ लिहिली की ओटा भरला. गाभ्याला याहून मोठ्याने ओरडता येत नाही.

मालकांनी ती ओळ वाचली नाही. त्यांनी यंत्राच्या डोक्यावरचं पाकीट उचललं.

हे पाकीट म्हणजे तिथल्या प्रत्येक यंत्राचा ताईत. हिरव्या पाकिटातला नारळाच्या चवीचा कुरकुरीत खाऊ. त्याच्या नावातच 'शहाण्यासारखं वाग' असा अर्थ. पाकीट हिरवंच हवं, कारण हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक. कोणी खायचं नाही, आणि त्यावरची तारीख उलटू द्यायची नाही.

"बघ!" मालक ओरडले. "तारीख उलटून गेलीय! म्हणून रुसलाय."

तुम्हांला वाटेल, पेइ-वन शिकलेली, ती हसली असेल. नाव नको. तीच दचकली.

"अरे देवा, कधीची आहे? मी आणते नवीन. पण मालक, पाकीट बदला आणि पट्ट्याही काढा. दोन्ही करा."

त्यांनी पाकीट बदललं. बदलताना यंत्र बंद करून धूळ पुसली आणि पुन्हा चालू केलं. बंद करून चालू केल्यावर ओटा स्वच्छ होतोच. मी पुन्हा झकास चालू लागलो. सगळं पुण्य पाकिटाच्या नावावर जमा झालं, आणि पट्ट्या राहिल्या.

पुढच्या वर्षी पेइ-वनला शिनचूला मोठ्या कंपनीत नोकरी लागली. जाताना तिचं शेवटचं वाक्य होतं, "मालक, स्कॅनर कधी देताय ते सांगा. मी सुट्टी काढून येईन." मालक म्हणाले, "हे एवढं उरकलं की." मग माझ्याकडे कोणी आतून बघणारं राहिलं नाही. बाहेरून बघणारे पुष्कळ होते.

अशात एक दिवस, मालकांना लाडाने आ-शुई म्हणणाऱ्या म्हाताऱ्या फान यूए-अ मावशी जिना चढून आल्या.

"आ-शुई, किती रे पायऱ्या तुझ्याकडे! माझे गुडघे काय सरकारी आहेत का, मोडले की नवे द्यायला?"

"मावशी, हाक मारली असती तर मी खाली आलो असतो."

"हाक मारायला दम कुठाय? तो जिन्यात संपला."

त्यांनी पिशवीतून डबा काढला. किनाऱ्याकडच्या एका बंद पडलेल्या थिएटरच्या मालकाने मरताना तो त्यांना दिला होता. आत 'मिठागराची सून' नावाच्या जुन्या बोलपटाचं शेवटचं रीळ. बाकीची रिळं कुठेच नाहीत. डबा उघडताच मालक खिडकी उघडायला धावले, म्हणजे फीत फार वाईट होती.

"मावशी, सिनेमाचा शेवटच तेवढा मिळेल."

"सिनेमा कोणाला हवाय? रडका होता मेला. मी तेव्हाही झोपले होते. मला माझी बहीण हवी."

मग त्यांनी सांगितलं. सिनेमावाले मिठागरावर आले तेव्हा गावातल्या मीठ वाहणाऱ्या पोरींना त्यांनी मागून चालायला लावलं होतं. त्यांत धाकटी यूए-चू. "तिसरी ती. टोपली घेऊन. तो दिग्दर्शक भोंग्यातून बोंबलत होता, कॅमेऱ्याकडे कोणी बघायचं नाही! आणि ही बया नेमकी वळली, आणि हसली. तो असा चिडला! पण फीत महाग, पुन्हा कोण घेतो? राहिलं तसंच."

"मग?"

"मग काय. पुढच्या उन्हाळ्यात तापाने गेली. दोन फोटो होते, ते पुराने नेले. आता तिचं तोंड आठवायला गेले ना, आ-शुई, की माझंच आठवतं."

मालकांनी लगेच "हो" म्हटलं. या एका "हो"बद्दल मी त्यांना कधी बोल लावणार नाही.

ते रीळ धुऊन, ओलाव्यात सैल करून, तुटलेल्या कडा सांधून तयार करण्यात बरेच दिवस गेले. स्कॅनरमधून एकदाच, आणि तेही नशीब असेल तर, हे मालकांनी मावशींना स्पष्ट सांगितलं होतं. त्या दिवसाच्या थोडं आधी मावशी पुन्हा आल्या. या खेपेला पिशवीत लाल कागदातलं पुडकं.

"माझा नातू काओश्युंगला जुनी यंत्रं मोडून विकतो. त्याला विचारलं, त्या हौ काकांना काय लागतं रे? म्हणाला, मेमरी. घे. मोठ्या बँकेच्या यंत्रातल्या आहेत म्हणे."

"अहो मावशी, कशाला एवढं..."

"ओझं नाही झालं. पपनसं आणली असती तर झालं असतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "आम्ही सात बहिणी एका खाटेवर झोपायचो. तिला दाटी अजिबात सोसायची नाही. लाथा घालायची. तिला जरा ऐसपैस जागा दे."

मालकांनी त्यांच्यासमोरच यंत्र उघडलं. जुन्या पट्ट्यांतल्या चार काढून तिथे या नव्या बसवल्या. मी उठलो, मोजलं, आणि पडद्यावर आकडा आला: चौसष्ट गिगाबाइट.

"दुप्पट झालं, मावशी!" मालक टाळी वाजवून म्हणाले.

"म्हणजे आता पाय पसरून झोपेल," मावशी म्हणाल्या.

मी ओट्यावर बिल्ले टांगत होतो. टांगता टांगता निम्म्याहून जास्त ओटा झाकला गेला. एक चित्रसुद्धा अजून आलं नव्हतं.

रिळाच्या दिवशी सकाळी मालकांनी पेइ-वनला फोन लावला. हातात सुती मोजे होते, म्हणून आवाज खोलीत सोडला.

"चौसष्ट?" ती ओरडली. "मालक, तुम्ही शुद्धीवर आहात ना? मी सोळा म्हटलं होतं!"

"अगं, बत्तीसवर चालत होतं की इतके दिवस."

"चालत नव्हतं, सोसत होतं. ऐका माझं. चित्रं चढवताना प्रत्येक चित्राची एकेक चिठ्ठी पुन्हा ओट्यावरच लागते. हे रीळ लांब आहे का?"

"सगळ्यांत लांब."

"मग त्या पट्ट्या काढा. आत्ता. निदान हे रीळ होईपर्यंत तरी काढा."

"मावशी येतायत. समोर बसणार आहेत."

"बसू देत की."

"त्यांनी विचारलं, माझी जागा कुठाय, तर?"

"सांगा, आत आहे."

"खोटं बोलू?"

"मालक! खाऊच्या पाकिटाशी गप्पा मारता तुम्ही, आणि मावशींना एक थाप मारता येत नाही?"

मालक हसले. तीही हसली. जिन्यात काठीचा आवाज आला आणि मालकांनी फोन ठेवला. मित्रांनो, त्या वेळी यंत्र उघडून चार पट्ट्या बाहेर काढायला वाटीभर पेज गार होण्याइतकासुद्धा वेळ लागला नसता. पण आलेल्या पाहुण्याच्या डोळ्यांदेखत त्याची भेट काढून बाजूला ठेवणं, हे त्या माणसाच्या हातून त्या जन्मात झालं नसतं.

मावशींसाठी खुर्ची ठेवली. स्कॅनर सुरू झाला. फीत सरकू लागली आणि मी चित्रं झेलू लागलो: मिठाचे ढीग, पवनचक्की, रुसलेला नवरा, बैलगाडी. समोरच्या पडद्यावर ती उमटत होती. मालक एका डोळ्याने फितीकडे आणि एका डोळ्याने पडद्याच्या कोपऱ्यात बघत होते. तिथे शिल्लक मेमरीचा आकडा असतो. तो निम्म्याहून जास्त होता. त्यांनी सुस्कारा सोडला. त्यांनाच काय बोल लावू? माळा खरोखरच रिकामा होता. ओट्याचा आकडा तिथे कोणी दाखवतच नाही.

चिठ्ठीमागून चिठ्ठी ओट्यावर येत होती. मी आधी छपाईवाल्याला हाकललं. मग घड्याळवाल्याला. मग ज्याच्याशिवाय बरं चाललं असतं अशा प्रत्येकाला. नोंदीत ओळी लिहीत गेलो. शेवटी ओळ लिहायलाही जागा उरली नाही.

"आता येईल," मावशी म्हणाल्या. "गाडी गेली ना, की बायका येतात. बघ. पहिली. दुसरी. ती! आ-शुई, ती बघ, टोपली! ती बघ, आता वळतेय..."

आणि मी गोठलो.

गोठलो म्हणजे मेलो नाही. हात अडकले, कान चालू होते. गोठलेल्या यंत्राच्या पडद्यावर शेवटचं चित्र तसंच राहतं. पडद्यावर एक पाठमोरी मुलगी होती. पाठीवर वेणी, कमरेवर टोपली, मान किंचित कलती. पुढच्या चित्रांत तिचं तोंड होतं. ती चित्रं माझ्या दाराशी एकामागून एक आली, आणि मला दार उघडता आलं नाही. माळ्यावर आणखी असंच अख्खं रीळ मावेल एवढी जागा रिकामी पडलेली, आणि त्या मुलीला आत घ्यायला ओट्यावर बोटभर कोपरा नव्हता.

स्कॅनरच्या मोटारीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती फीत ओढत राहिली. मालक नुसते "नाही, नाही, नाही" म्हणत राहिले. थांबवावी तर तुटणार, चालू ठेवावी तर वाया जाणार. पलीकडून फीत बाहेर पडत होती ती वाळक्या पाचोळ्यासारखी कुरकुरत, मोडत.

मग मोटार थांबली.

"का थांबली रे ती?" मावशींनी विचारलं.

मालकांनी हातातले मोजे काढले.

"वळत होती. बघ ना, मान वळलीय थोडी. आता वळेल."

"मावशी..."

"थांब जरा. तिला घाई केलेली चालत नाही."

खालच्या दुकानात कोणीतरी भांडी घासत होतं. कोपऱ्यातला आकडाही चित्राबरोबर गोठला होता, निम्म्याहून जास्त शिल्लक सांगत. मावशींनी वाचायचा चष्मा आणला नव्हता. आणला असता तरी त्या आकड्याकडे त्यांनी बघितलं नसतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "गेलं ना रे?"

"हो, मावशी."

"का रे? जागा कमी पडली?"

मित्रांनो, मी माणसांचे पुष्कळ हिशेब ठेवले. हा एक मला अजून सुटलेला नाही. खरं उत्तर मालकांना ठाऊक होतं. सकाळीच फोनवर ऐकलं होतं. खरं बोलायचं म्हणजे असं म्हणायचं: मावशी, जागा उदंड होती, आणि तुम्ही आणलेल्या जागेनेच तिला बाहेर ठेवलं. सकाळी चार पट्ट्यांपुरती थाप मारायला जो माणूस तयार नव्हता, तो आता हलक्या आवाजात म्हणाला,

"हो, मावशी. जागा कमी पडली."

"अरेरे," मावशी म्हणाल्या. "मग मला सांगायचंस की. नातवाकडे टोपलीभर पडल्यात. अजून आणल्या असत्या."

मालकांनी खिशातून फोन काढून पडद्याचा फोटो घेतला. एक वेणी, एक टोपली, आणि वळायला लागलेली मान. तेवढंच उरणार होतं, कारण मला सोडवायला यंत्र बंद करावं लागणार होतं, आणि बंद केलं की माळ्यावरचं सगळंच जाणार. मालकांचं बोट बटणापर्यंत जाई आणि परत येई. शेवटी मावशीच म्हणाल्या,

"कर बंद. किती वेळ तिला उन्हात उभी ठेवणार?"

त्यांनी बटण दाबलं.

नंतरचं थोडंच आहे. पेइ-वन पुढच्याच सुट्टीत आली. मालकांनी न विचारता स्कॅनर तिच्यापुढे ठेवला. महिनाभर रिळं बंद राहिली, आणि आभाळ काही कोसळलं नाही. आता तिथे चौसष्ट बोटांचा गाभा आहे. त्याचा हात सगळीकडे पोचतो. त्याला माळा नाही, शिडी नाही, सगळं घर म्हणजे ओटाच. हुशार पोरगा आहे. मी एका जुन्या डिस्कवर खणात पडून असतो; कधीमधी जुनं काही काढायला जोडतात, तेव्हा कानावर पडतं तेवढंच. माझ्या जातीच्या गाभ्यांतून शिडीची युक्तीही हळूहळू काढून टाकताहेत, असं पेइ-वन एकदा फोनवर सांगत होती. बरोबरच आहे. ज्या दिवशी सर्वांत जास्त गरज होती, त्या दिवशी ती शिडी असून उपयोग झाला नाही.

मावशींनी मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं. "बैलाचा काय दोष, गाडीच लहान होती," असं त्या मालकांना म्हणाल्या, आणि मालकांनी तेही ऐकून घेतलं.

तेव्हा मित्रांनो, माझं एक ऐका. तुमच्याकडे एखादं यंत्र असेल, बैल असेल, मोठी बहीण असेल, न थकता सगळ्यांचं उचलणारं कोणीही असेल, तर त्याला आणखी काही देण्याआधी त्याचा हात कुठवर पोचतो ते बघा. ते बारीकसारीक कामं हातातून टाकू लागलं, तर तोच त्याचा आवाज समजा. त्याला याहून मोठ्याने ओरडता येत नाही. आणि प्रेमाने दिलेली वस्तूसुद्धा कधी कधी बाजूला काढून ठेवावी लागते. देणाऱ्याला वाईट वाटेल. वाटू द्या. एक दिवस वाटेल. पाठमोऱ्या मुलीचा फोटो मावशींच्या भिंतीवर आहे, आणि त्या अजून रोज त्याच्यासमोर बसतात, ती वळेल म्हणून.